नळाला न दिसलेली संक्रांत

चंदीगडला मला पहिली नोकरी लागली, तेव्हा ती नेमकी कसली आहे हे घरी समजावून सांगणं मला नोकरी मिळवण्याहून अवघड गेलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या नगर पंचायतीत व्हॉल्व्ह सोडायचं काम करत. कोणत्या गल्लीला कधी पाणी जाणार हे त्यांच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर ठरत असे. आपल्या मुलाने इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर व्हावं, इतक्या लांब जावं आणि तिथे दिवसभर नळांपुढे हात धरून उभं राहावं, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"हात पुढं केला की पानी?" त्यांनी फोनवर विचारलं.

"हो."

"अन् तोटी कुठं पिरगाळाची?"

"तोटीच नाही, बाबा."

"अन् हात मांगं घेतला की बंद?"

"हो."

ते म्हणाले, "आपल्या इकडं आनू नको बाप्पा. लोकं हात मांगंच घेनार नाहीत."

आमचं युनिट इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडमध्ये होतं. मालक साठीकडे झुकलेले सरदारजी होते, त्यांना सगळे पाजी, म्हणजे मोठे भाऊ, म्हणत. पितळेचे नळ बाहेरून ओतून यायचे, सेन्सर तयार यायचे, आणि आम्ही दोघांची जोडणी करून, सेटिंग करून, तपासून माल पाठवायचो. तपासणी म्हणजे हात दाखवणे. नळाच्या मानेखाली काळ्या काचेची एक छोटी खिडकी असते. तिच्या आत दोन डोळे असतात म्हणा. एक डोळा आपल्याला न दिसणारा प्रकाश बाहेर फेकतो. पुढे काही आलं की तो प्रकाश त्यावर आपटून परत येतो आणि दुसरा डोळा तो मोजतो. पुरेसा परत आला की आतलं सर्किट समजतं, हात आला. मग टक् असा आवाज होऊन आतला छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी येतं. हात काढला, प्रकाश परत यायचा थांबला, की पुन्हा टक्. नळाला हात म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्याला फक्त परत आलेला प्रकाश ठाऊक असतो.

हे मला पहिल्याच दिवशी समजलं याचं श्रेय आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना. शाळेला प्रयोगशाळा नव्हती. सरांनी शेजारच्या सलूनमधून आरसा मागून आणला होता आणि वर्गाच्या छतावर उन्हाचा कवडसा नाचवून आम्हाला परावर्तन शिकवलं होतं. सलूनवाला दारात उभा राहून आरशाची वाट पाहत होता, म्हणून धडा लवकर आटपला, पण जेवढा झाला तेवढा पक्का झाला.

लोकांचं मात्र या नळांबद्दल आपापलं शास्त्र होतं. आमच्या शोरूममध्ये येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटायचं की नळाला हाताची ऊब कळते. थंडीत एक बाई बोटांवर फुंकर मारून मारून हात पुढे करत होत्या. काहींना आत कॅमेरा असल्याचा संशय होता, ते नळापुढे जाण्याआधी केस सारखे करत. एका गृहस्थांनी बराच वेळ हात वर-खाली करून पाहिले, पाणी आलं नाही. शेवटी वैतागून त्यांनी हात जोडले. जोडलेले हात बरोबर खिडकीखाली आले आणि धो धो पाणी सुरू झालं. "देखो जी," ते बायकोला म्हणाले, "इज़्ज़त दो तो मिलती है." मी त्यांना सेन्सरचं सांगायला गेलो, पण पाजींनी मला मागून कोपर मारलं. त्या गृहस्थांनी तिथल्या तिथे दोन नळ घेतले.

मी ट्रायलवर होतो. पाजींनी स्पष्ट सांगितलं होतं की एवढ्याशा युनिटला इंजिनिअर पोसणं परवडायचं नाही, मोठी ऑर्डर आली तर विचार करू. आणि हिवाळ्यात ती ऑर्डर आली. शहरातल्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेचा नवा भोजनकक्ष बांधून तयार होता आणि हात धुण्याच्या लांबलचक ओळीत सगळे नळ आमचे बसणार होते. तपासणी समितीने पास केले की संस्थेच्या बाकीच्या इमारतींचंही काम आमच्याकडे.

"ये पास हो गया तो तू पक्का," पाजी म्हणाले. "नहीं हुआ तो तू अपने घर, मैं अपने घर."

त्यांचं घर शेडपासून जवळच होतं. माझं नव्हतं.

नळ बसवले गेले, पण सेटिंग जागेवरच करावी लागते. बेसिन किती खोल आहे, माणूस किती जवळ उभा राहतो, यावर नळाने किती लांबचं पाहायचं हे ठरतं. फार थोडं पाहिलं तर लोक हात हलवत बसतात. फार लांबचं पाहिलं तर नुसतं समोर उभं राहिलं तरी पाणी वाहतं. प्रत्येक नळामागे एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून हे जमवायचं. त्यासाठी समोर माणसं लागतात. उंच, बुटकी, जाड, लहान. ती आधी हात मागे घेऊन उभी राहतात, तेव्हा पाणी येता कामा नये. मग हात पुढे करतात, तेव्हा आलं पाहिजे. एरवी युनिटमधले कामगार हे काम करायचे. पण पाजींच्या पहिल्या नातवाची पहिली लोहडी होती. पंजाबात ही केवढी मोठी गोष्ट असते ते मला त्या वर्षी कळलं. पाजींनी सगळं युनिट गावी नेलं, दुसऱ्या दिवशी माघीची, म्हणजे तिकडच्या संक्रांतीची, सुट्टी, आणि त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी समिती येणार होती. "तू सेटिंग कर लेना, इंजीनियर साब," पाजी जीपमधून ओरडले आणि गेले.

मी ज्यांच्याकडे वरच्या खोलीत राहत होतो ते काका केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते, नागपूरहून बदलून आलेले. काका-काकूंनी मला भाडेकरू म्हणून ठेवलं, पण पहिल्या आठवड्यापासून रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच होऊ लागलं. ते ऋण मी इथे नुसतं नोंदवतो, फेडण्यासारखं ते नाहीच. त्या रात्री मी पानावर बसून भात चिवडत होतो तेव्हा काकूंनी विचारलं.

"काय झालं रे? असा काहून तोंड पाडून बसला?"

मी सांगितलं की मला उद्या माणसं हवी आहेत.

"कशाला?"

"नळापुढे उभं राहायला."

"किती वेळ?"

"तासभर."

काकूंनी काकांकडे पाहिलं. "उद्या संक्रांतीचं हळदीकुंकू आहे न आपल्याकडे. इथली सगळी मराठी मंडळी येऊनच राहिली आहेत. नाही तरी आरामात गप्पाच मारतात. तिथे मारतील."

"संस्थेत?" काका म्हणाले. "सरकारी जागेत हळदीकुंकू?"

"हळदीकुंकू घरीच करीन हो मी. नंतर जाऊ सगळे. हातच दाखवायचे आहेत न पोराच्या नळाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चार गाड्यांतून निघालो. संक्रांत असल्यामुळे सगळे काळ्यात होते. काळ्या साड्या, त्यावर चंदीगडच्या जानेवारीला साजेशा जाड काळ्या लोकरी शाली, पुरुषांना काळे स्वेटर आणि जॅकेटं. एका तरुण जोडप्याचं वर्षाचं बाळ काळं मखमली झबलं घालून, वर हलव्याचे दागिने, मुकुट, बाजूबंद अशा थाटात होतं. संस्थेच्या फाटकावर पहारेकऱ्याने ही सगळी वरात पाहिली.

"ये सब कौन हैं जी?"

"टेस्टिंग टीम," मी म्हणालो.

त्याने बाळाकडे पाहिलं. "ये भी?"

"ये छोटे हाथों के लिए."

काकूंनी तेवढ्यात त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि आता वर्षभर गोड बोलायचं असं हिंदीत समजावलं. "मैं तो वैसे भी मीठा ही बोलता हूँ जी," तो थोडा दुखावून म्हणाला, पण त्याने फाटक उघडलं.

भोजनकक्षात मी सगळ्यांना ओळीने बेसिनसमोर उभं केलं. "हात मागे ठेवा," मी म्हणालो. सगळ्यांनी हात मागे घेतले. इतकी मोठी माणसं माझं ऐकत आहेत याने मलाच ओशाळल्यासारखं झालं. एकाही नळातून पाणी आलं नाही.

"आता पुढे करा." काही नळ चालले, काही नाही. ज्यांना पाणी आलं नाही त्यांना ते मनाला लागलं.

"माझ्यावर काय राग आहे याचा?" एक मावशी म्हणाल्या.

"तुमच्या बांगड्या पाहून बिथरला असेल," काका म्हणाले.

"तुम्हाला तर कधीच यायचं नाही पाणी. तुम्ही ऑफिसात पण हात हलवत नाही म्हणतात."

मी एकेक स्क्रू फिरवत गेलो. नळ अधिकाधिक लांबचं पाहू लागले. मोहालीत आयटीत असलेल्या एका जोडप्याची सहा-सात वर्षांची मुलगी बेसिनला जेमतेम पोचत होती.

"तुझा हात दिसतो का ग त्याला?" तिच्या आईने विचारलं.

"नहीं मम्मा, अंकल को बोलो और करें."

मी आणखी फिरवला. तिलाही पाणी आलं. आणि गंमत म्हणजे एवढं करूनही नुसतं उभं राहिलेल्या माणसाला एकही नळ फसत नव्हता. मोठी माणसं बेसिनला अगदी पोट टेकवून उभी राहिली, तरी नळ गप्प. हात पुढे केला की लांबूनच टक् आणि पाणी. इतकी स्वच्छ सेटिंग मी आमच्या टेबलावरही कधी पाहिली नव्हती. म्हणून मी अजून थोडा फिरवला, सगळ्यांना सोपं जावं म्हणून. बाळाला बेसिनवर धरलं, त्याने मूठ पुढे केली आणि पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाळाने एक बाजूबंद खाऊन टाकला.

"किती शहाणा नळ केला रे पोराने," काकू म्हणाल्या. परत जाताना मी त्या सगळ्यांच्या पाया पडलो. त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी पाजी गावाहून थेट संस्थेत आले. डोळे तारवटलेले, पण खूश. समिती आली. अध्यक्ष निवृत्तीला आलेले, भारदस्त, पांढरा शुभ्र कुर्ता-पायजमा आणि त्यावर पांढरंच लोकरी जॅकेट. त्यांच्या मागे संस्थेच्या दवाखान्यातले डॉक्टर पांढऱ्या कोटात. त्यांच्या मागे मेसचे आचारी आणि वाढपी, नव्या कक्षासाठी शिवलेल्या नव्या कोऱ्या पांढऱ्या कोटांत. सगळ्यात शेवटी हिशेब विभागाचे एक साहेब, काळ्या लोकरी ब्लेझरमध्ये.

अध्यक्ष पहिल्या बेसिनसमोरून निघाले. टक्. पाणी सुरू झालं. ते दुसऱ्यासमोर आले. टक्. पहिल्यासमोर आता डॉक्टर होते, म्हणून तो वाहतच राहिला. ते जसजसे ओळीतून पुढे जात होते, तसतसा एकेक नळ त्यांना सलामी देत होता, आणि मागचे आचारी ती सलामी चालू ठेवत होते. शेवटच्या बेसिनपाशी पोचेपर्यंत सगळी ओळ धबधब्यासारखी वाहत होती.

अध्यक्ष थांबले. "मैंने तो अभी कुछ किया ही नहीं."

ते एक पाऊल मागे सरकले. समोरचा नळ बंद झाला. पुढे आले, सुरू झाला. त्यांनी हे तीन-चारदा केलं. मग दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बेटा, ये हाथ देखके चलता है ना?"

"जी सर."

"मेरे हाथ जेब में हैं."

"जी सर."

पाजी माझ्या कानाशी आले. "पोते की पहली लोहड़ी मनाके आया हूँ," ते पुटपुटले. "आज का दिन मत ख़राब कर, ओए."

तेवढ्यात एक आचारी पाण्याचे पेले भरलेला ट्रे घेऊन ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला आणि नळ त्याच्या मागोमाग उघडत आणि बंद होत गेले. डॉक्टरांना हसू आवरेना. अध्यक्षांना हसू येत नव्हतं. ते म्हणाले की उन्हाळ्यात अर्ध्या शहराला पाण्यासाठी सूचना निघतात आणि इथे माणूस नुसता चालला तरी बादली भरते. साधे तोट्यांचे नळ काय वाईट होते?

मी डोक्यात गाडीचं तिकीटसुद्धा काढलं. कालच्या सगळ्या माणसांसमोर हेच नळ इतके समजूतदार होते आणि रात्रीत यांना काय झालं, हे मला काही केल्या कळेना.

मग मागून आवाज आला. "मेरे लिए तो चल ही नहीं रहा."

हिशेबाचे साहेब होते. काळ्या ब्लेझरचं पोट बेसिनला टेकवून उभे होते. दोन्ही बाजूंचे नळ आचाऱ्यांसाठी वाहत होते आणि मधला, त्यांच्यासमोरचा, कोरडा. त्यांना हा अपमान वाटत होता. "सबको दे रहा है, मुझे नहीं," ते म्हणाले.

मी त्यांच्या ब्लेझरकडे पाहिलं. मग अध्यक्षांच्या कुर्त्याकडे. आणि मला काल दुपारची ती ओळ डोळ्यांसमोर दिसली, शाली, स्वेटर, मखमली झबलं. काल नळांनी माझ्या माणसांना हात म्हणून ओळखलं नव्हतं हे खरं, पण शहाणपणाने नव्हे. नळांना ती माणसं दिसलीच नव्हती. त्या काळ्या लोकरीने आणि मखमलीने सगळा प्रकाश गिळून टाकला होता आणि नळांच्या दृष्टीने बेसिनसमोर अंधारात नुसते हात तरंगत होते. म्हणून मी नळांची नजर लांबवत गेलो, लांबवत गेलो. आता पांढऱ्या कापडावरून भरपूर प्रकाश परत येत होता, आणि नळांना एवढा प्रकाश म्हणजे हातच वाटत होता. त्यांच्या मते अध्यक्ष म्हणजे एक खूप मोठा हात होते.

मी हे सगळं हिंदीत सांगितलं. शेवटचं वाक्य सोडून.

"पर टेस्टिंग सिर्फ़ काले कपड़ों में क्यों की?" अध्यक्षांनी विचारलं.

"सर, कल संक्रांत थी."

"तो?"

"हम लोग संक्रांत को काला पहनते हैं."

सगळीकडे शांतता पसरली. नळ सोडून.

"त्योहार के दिन काला?" डॉक्टर म्हणाले. "काला तो बुरा मानते हैं."

"बाकी दिन हम भी नहीं पहनते, सर. एक ही दिन. ठंड होती है, काला गरम रहता है."

"लेकिन नई बहू को भी?"

"उसको तो ख़ास काली साड़ी देते हैं, सर."

हे त्यांना सेन्सरपेक्षा फार रोचक वाटलं. हिशेबाच्या साहेबांनी आपला काळा ब्लेझर काल सणाला न घालता आज घातला ते बरं केलं असं कुणीतरी म्हणालं. एका आचाऱ्याने सांगितलं की त्याच्या सासूने लग्नात काळा रुमालसुद्धा चालू दिला नव्हता. अध्यक्षांनी विचारलं की मग लहान मुलांनाही काळंच का, आणि मी बाळाच्या हलव्याच्या दागिन्यांचं सांगितल्यावर त्यांनी मुकुट साखरेचा की तिळाचा हे विचारलं. ही चर्चा चालू असेपर्यंत मी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि एका आचाऱ्याला हात जोडून विनंती केली. तो कोट झटकून माझ्यासमोर हात मागे घेऊन उभा राहिला. मी पहिल्या नळाची नजर आखडत आणली, अगदी त्याचा पांढरा कोट दिसेनासा होईपर्यंत. मग त्याला हात पुढे करायला सांगितलं. पाणी आलं. हिशेबाच्या साहेबांनाही बोलावलं. त्यांनी हात पुढे केला, पाणी आलं, आणि त्यांनी ते सगळ्यांना दिसेल असं हात उंच करून झटकलं.

मी तशीच सगळी ओळ केली. बोलता बोलता समिती माझ्यामागे सरकत होती. शेवटच्या नळाशी अध्यक्ष स्वतः उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, शाळेत उभे राहतात तसे. नळ गप्प राहिला. त्यांनी हात पुढे केले. टक्.

ते हात धुऊन झाल्यावर म्हणाले, "और किस रंग में टेस्ट नहीं हुआ?"

खोटं बोलणं मला सुचलं नाही. "सर, बीच के सब रंगों में."

त्यांनी बाहेर व्हरांड्यात उन्हात बसलेल्या कार्यालयातल्या लोकांना आत बोलावलं. मरून स्वेटर, पिवळी ओढणी, चौकटीचा मफलर, बाटलीच्या हिरव्या रंगाचं जॅकेट. सगळे रांगेने आले, हात मागे, हात पुढे. कुणीही कशासाठी हे विचारलं नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला अध्यक्षांनी काम पास केलं.

परत येताना पाजी गाडीत एक शब्द बोलले नाहीत. ट्रिब्यून चौकातल्या सिग्नलला नाही, शेडचं शटर वर करतानाही नाही. पास झालं ते माझ्यामुळे की मी असूनही, हे ते ठरवत असावेत असं मला वाटलं, आणि मी काही विचारलं नाही. आत गेल्यावर त्यांनी पिशवीतून मेसचा एक जुना पांढरा कोट काढला. येताना आचाऱ्याकडून मागून आणला होता. तो त्यांनी अंगात चढवला. बटणं लागेनात. तसेच ते टेस्टिंगच्या बेसिनसमोर जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. टक् झालं आणि पाणी वाहू लागलं.

"अब से हर पीस ऐसे टेस्ट होगा," ते नळाकडे बघत म्हणाले. "सफ़ेद में मैं, काले में तू. आज से तू पक्का. चल, सेटिंग कर."

मी स्क्रू फिरवला. पाणी थांबेना. आणखी फिरवला, तरी थांबेना. मी खाली वाकून पाहिलं, मग उभा राहिलो.

"पाजी," मी म्हणालो, "पेट थोड़ा अंदर."

त्यांनी श्वास आत घेतला. नळ बंद झाला.